परीक्षेचं इंग्रजी आणि प्रश्नाचं इंग्रजी : मराठी विद्यार्थ्यांच्या विद्यापीठीय लेखनाचा इतिहास

आजचा विषय वरवर पाहता भाषेच्या वर्गातला वाटेल, पण आपण तो इतिहासाच्या बाजूने बघणार आहोत. विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना इंग्रजीत शोधनिबंध लिहिता येत नाही, प्रबंध लिहिता येत नाही, साधं दहा पानांचं टिपण जमत नाही, ही तक्रार आज बहुतेक विभागांत ऐकू येते. तक्रारीमागोमाग उपायही ठरलेला असतो : व्याकरणाचे वर्ग, शब्दसंग्रहाची पुस्तिका आणि ‘आधी इंग्रजी सुधारा’ हा सल्ला. जी मुलगी आपल्या घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेली असते, तिला या सल्ल्याचा अर्थ एवढाच कळतो की ही जागा आपली नाही. म्हणजे हा प्रश्न नुसता शैलीचा नाही. विद्वत्तेच्या व्यवहारात कोणाला बोलायला मिळतं आणि कोण दाराशीच थांबतं, हे त्यावर ठरतं.

आपण आज एक साधी गोष्ट तपासणार आहोत. गेल्या पावणेदोनशे वर्षांत ज्या मराठी माणसांनी इंग्रजीत उत्तम विद्यापीठीय लेखन केलं, ती ते शिकली कुठे? परीक्षेच्या तयारीत, की आणखी कुठे? उत्तर सापडलं, तर आजच्या उपायांकडेही वेगळ्या नजरेने बघता येईल.

आधी तक्रारीचं वय पाहू. लॉर्ड कर्झन यांच्या काळात, १९०२ साली, भारतीय विद्यापीठ आयोग नेमला गेला. मॅट्रिक होऊन कॉलेजात आलेल्या अनेक विद्यार्थ्यांना इंग्रजीतली व्याख्यानं समजत नाहीत, ते तयार टिपा आणि ‘की’ पाठ करून परीक्षेला बसतात, असं या आयोगाने आपल्या अहवालात म्हटलं. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीही हेच रडगाणं होतं. तेव्हाच्या ‘की’ आज गाईडच्या रूपात आहेत, आणि आता तर यंत्राला सांगितलं की ते पानभर इंग्रजी लिहून देतं. सोय बदलली, दुखणं तेच राहिलं.

हे दुखणं परक्या भाषेत शिकणाऱ्यांचंच आहे, असंही नाही. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाने १८७४ पासून प्रवेशासाठी इंग्रजी निबंधाची लेखी परीक्षा घ्यायला सुरुवात केली. बसणारी मुलं चांगल्या शाळांतली, इंग्रजी घरी बोलणारी. तरी परीक्षक हवालदिल झाले, इतकी चुकांनी भरलेली उत्तरं आली. पुढे १८८५ पासून तिथे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी लेखनाचा एक सक्तीचा अभ्यासक्रम सुरू झाला. त्यात सतत लिहायचं आणि शिक्षकांनी ते तपासून परत द्यायचं. यातून आपल्याला एवढं घ्यायचं आहे की विद्यापीठीय इंग्रजी ही कोणाचीच मातृभाषा नाही. ती इंग्रजाच्या मुलालाही वेगळी शिकावी लागते.

आता आपण मुंबईत येऊ, आणि थेट विद्यापीठाच्याही आधी जाऊ. साल १८४१. ‘बॉम्बे गॅझेट’ या इंग्रजी वृत्तपत्रात ‘एक हिंदू’ अशा टोपणनावाने आठ पत्रं छापून आली. इंग्रजी राज्यामुळे या देशाची संपत्ती कशी बाहेर चालली आहे, इथला व्यापार आणि कारागीर कसे बुडाले, हे त्यांत स्पष्ट शब्दांत मांडलं होतं. लिहिणारे होते भास्कर पांडुरंग तर्खडकर, एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकलेले, वय पंचविशीच्या आसपास. मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग हे त्यांचे थोरले भाऊ. दादाभाई नवरोजींनी संपत्तीच्या निचऱ्याचा सिद्धान्त मांडण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

ही पत्रं म्हणजे शोधनिबंध नव्हते, हे उघड आहे. पण त्यांच्यात एक गोष्ट होती जी शाळेच्या निबंधात नसते : समोर विरोधी वाचक होता. त्या पत्राचे वाचक म्हणजे मुंबईतले गोरे व्यापारी आणि अधिकारी. ते म्हणणार, ‘आम्ही तुम्हाला शांतता दिली, कायदा दिला.’ त्याला उत्तर द्यायचं तर नुसता संताप पुरत नाही. त्यांचाच युक्तिवाद उचलायचा, तो कुठे फसतो ते दाखवायचं, मग आपली बाजू मांडायची. भास्कर पांडुरंग हे शिकले ते कोणी गुण देणार म्हणून नव्हे, तर उत्तर मिळवायचं होतं म्हणून.

दुसरी जागा म्हणजे १८४८ साली एल्फिन्स्टनच्याच परिसरात सुरू झालेली ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’. विद्यार्थी आणि तरुण शिक्षक एकत्र जमायचे, एकजण निबंध वाचायचा, बाकीचे त्यावर चर्चा करायचे. मराठी आणि गुजराती बोलणाऱ्यांसाठी ‘ज्ञानप्रसारक’ शाखाही निघाल्या. म्हणजे तोच विचार एका भाषेत वाचायचा, दुसऱ्या भाषेत समजावून सांगायचा, असा दुहेरी व्यवहार होता. इथे स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला गेला, वाद झाला, आणि निव्वळ बोलून काय होणार, असा प्रश्न पुढे आला. त्यातून १८४९ मध्ये या तरुणांनी स्वतः मुलींच्या शाळा काढल्या. एका निबंधाचं इतकं फळ क्वचितच मिळत असेल! पण लेखनाच्या दृष्टीने मुद्दा असा की वाचून झाल्यावर लोक प्रश्न विचारणार हे ठाऊक असलं की माणूस वाक्यं वेगळ्या तऱ्हेने लिहितो.

मग १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झालं. नमुना लंडन विद्यापीठाचा होता. त्याचा अर्थ असा की शिकवायचं काम कॉलेजांचं, आणि विद्यापीठाचं काम परीक्षा घेणं आणि पदवी देणं. सुरुवातीला अभ्यासक्रमात देशी भाषांना जागा होती. १८६० च्या दशकात पदवीच्या पातळीवर ती संस्कृतसारख्या अभिजात भाषांकडे गेली. ज्ञानाची परीक्षा इंग्रजीत, तीही तीन तासांत, कागदावर, आणि वाचणारा परीक्षक अनोळखी. उत्तरपत्रिका एकदा दिली की ती परत येत नाही. कुठे चुकलं हे कळत नाही, सुधारून लिहायची सोय नाही. या रचनेत पाठांतर हाच शहाणपणा ठरतो. विद्यार्थी आळशी होते म्हणून घोकंपट्टी आली, असं म्हणणं अन्यायाचं होईल. व्यवस्थाच घोकणाऱ्याला बक्षीस देत होती.

या व्यवस्थेतून पहिल्या फळीत बाहेर पडलेले चार पदवीधर आपल्याला माहीत आहेत. १८६२ साली मुंबई विद्यापीठाचे पहिले बी.ए. झाले ते महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. यातल्या दोघांकडे जरा जवळून पाहू.

रानड्यांची एक हकिगत त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवली आहे. कॉलेजात असताना त्यांनी एका निबंधात मराठेशाहीची आणि इंग्रजी राज्याची तुलना केली, आणि ती इंग्रजांना फारशी सोयीची नव्हती. प्राचार्य होते सर अलेक्झांडर ग्रँट, ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचे नामांकित संपादक. त्यांनी रानड्यांना बोलावून समज दिली की जे सरकार तुला शिकवतं आहे त्याची निंदा करू नकोस, आणि सहा महिन्यांसाठी शिष्यवृत्ती थांबवली. यात कुठेही इंग्रजीची चूक काढलेली नाही, हे लक्षात घ्या. रानड्यांचं इंग्रजी चांगलंच होतं. अडचण अशी झाली की विद्यार्थ्याने निबंधात खरोखरच एक म्हणणं मांडलं होतं. कॉलेजला सफाईदार निबंध हवा होता, म्हणणं नको होतं.

रानड्यांनी पुढे काय केलं? पुण्याच्या सार्वजनिक सभेने १८७८ पासून इंग्रजी त्रैमासिक काढलं. त्यातलं पुष्कळसं लेखन रानड्यांचं, बहुधा निनावी. सरकारी नोकरीत राहून ते शेतसारा, कर्जबाजारीपणा, स्थानिक स्वराज्य अशा विषयांवर लिहीत राहिले. सरकारचेच आकडे घ्यायचे, सरकारचेच अहवाल वाचायचे आणि त्यांच्यातून सरकारला न आवडणारा निष्कर्ष काढायचा, ही त्यांची पद्धत. १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजात त्यांनी भारतीय अर्थशास्त्रावर जे व्याख्यान दिलं, त्याचा गाभा असा होता की इंग्लंडातल्या परिस्थितीवर बेतलेले अर्थशास्त्राचे नियम इथे जसेच्या तसे लागू होत नाहीत. शिष्यवृत्ती थांबलेल्या त्या निबंधातली जिद्दच इथे तीस वर्षांनी परिपक्व होऊन आली, असं म्हणता येईल. आणि हेच रानडे आयुष्याच्या अखेरपर्यंत विद्यापीठात मराठीला पुन्हा जागा मिळावी म्हणून झटत होते. त्यांना या दोन गोष्टींत विरोध दिसला नाही.

आता भांडारकर. १८७२ साली मुंबईहून ‘इंडियन अँटिक्वरी’ हे संशोधनाचं नियतकालिक निघालं, आणि त्याच्या पहिल्याच वर्षात भांडारकरांनी पतंजलीच्या काळाविषयी लेख लिहिला. त्यांचा युक्तिवाद आजही वर्गात फळ्यावर मांडण्यासारखा आहे. महाभाष्यात वर्तमानकाळाचा एक प्रयोग समजावताना पतंजली उदाहरण देतो. त्यात पुष्यमित्राच्या यज्ञाचा उल्लेख आहे, आणि तो यज्ञ चालू असल्यासारखा आहे. वर्तमानकाळाचं उदाहरण देताना कोणी शेकडो वर्षांपूर्वीची घटना कशाला घेईल? म्हणून पतंजली पुष्यमित्राच्या वेळचा, म्हणजे इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकाच्या मध्याच्या सुमाराचा. एक पुरावा, त्यावरून एक अनुमान, आणि तेवढाच निष्कर्ष. बर्लिनचे मोठे संस्कृतज्ञ आल्ब्रेख्त वेबर यांना तो पटला नाही. त्यांनी हरकती घेतल्या, भांडारकरांनी त्याच नियतकालिकात उत्तरं दिली. गुरूपेक्षा उलट बोलू नये या संस्कारात वाढलेला माणूस युरोपातल्या एका ज्येष्ठ पंडिताशी वाद घालतो, आणि तो वाद पुराव्याच्या बाहेर जाऊ देत नाही. भांडारकरांचं इंग्रजी साधं आहे. अलंकार शोधायला गेलात तर निराश व्हाल. पण कोणतं वाक्य कशाच्या आधारावर उभं आहे, हे वाचणाऱ्याला प्रत्येक वेळी दिसतं.

इथे कोणी म्हणेल, ही सगळी वरच्या जातींतल्या पुरुषांची उदाहरणं झाली. बरोबर आहे. निबंध वाचायच्या सभा, ग्रंथालयं, इंग्रजी जाणणारे मित्र हे कोणाच्या वाट्याला आलं, हा या इतिहासाचाच भाग आहे. म्हणून आणखी दोन माणसं बघू.

आनंदीबाई जोशी. त्यांना ना एल्फिन्स्टनची सभा होती, ना त्रैमासिक. त्यांना होत्या न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडोसिया कार्पेंटर. १८८० पासून या दोघींचा पत्रव्यवहार सुरू झाला. ओळखदेख नसलेल्या बाईला आपलं घर, आपले रीतिरिवाज, आपली मतं इंग्रजीत समजावून सांगायची. ‘हे असं का?’ असं तिकडून विचारलं की पुन्हा लिहायचं. पुढे १८८३ मध्ये सेरामपूरला त्यांनी आपण अमेरिकेला का जात आहोत यावर इंग्रजीत जाहीर भाषण केलं. त्याची मांडणीही आक्षेप आणि उत्तर अशीच आहे. आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी एम.डी.साठी प्रबंध दिला, तो हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. वय एकवीसही पूर्ण नव्हतं. विषय त्यांनी आपल्या अंगणातला घेतला, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर. एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवी, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती, आणि १९१३ मध्ये न्यू यॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ. तिथे ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. पुढच्याच वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वरी’त छापून आला. भांडारकरांच्या लेखानंतर पंचेचाळीस वर्षांनी, त्याच नियतकालिकात.

हा निबंध विद्यार्थ्यांनी लेखनाचा नमुना म्हणूनही वाचावा असं आम्हाला वाटतं. जातीने ज्याला जन्मभर पोळलं, तो माणूस जातीवर लिहायला बसतो आणि सुरुवात करतो ती आधीच्या अभ्यासकांच्या व्याख्यांपासून. सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि केतकर. यातले श्रीधर व्यंकटेश केतकर म्हणजे आपले ज्ञानकोशकार; त्यांचं जातिसंस्थेच्या इतिहासावरचं इंग्रजी पुस्तक १९०९ साली अमेरिकेतच, ते कॉर्नेल विद्यापीठात असताना निघालं होतं. केतकरांनी जातीची दोन लक्षणं सांगितली होती : जातीबाहेर लग्नाला बंदी, आणि जन्मानेच मिळणारं सभासदत्व. आंबेडकर केतकरांचं श्रेय मान्य करतात आणि मग म्हणतात की ही दोन लक्षणं नाहीत, एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. बाहेर लग्न बंद केलं की सभासदत्व आपोआप जन्माने आलेल्यांपुरतं उरतं. एका छोट्या दुरुस्तीने सगळा विषय एका बिंदूवर येतो : जात म्हणजे जातीअंतर्गत विवाह. मग पुढचा प्रश्न, हा विवाह टिकवायचा कसा? नवरा किंवा बायको मेली की गटात एक व्यक्ती जास्तीची उरते. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या रूढी त्या पेचातून निघालेल्या वाटा आहेत, असं ते दाखवतात. संताप कुठेच लपवलेला नाही, पण तो विशेषणांत खर्च झालेला नाही. तो युक्तिवादाच्या कामाला लागला आहे.

आपल्या विद्यार्थ्यांच्या निबंधात पहिलं वाक्य बहुधा असं असतं : ‘जातिव्यवस्था ही भारतीय समाजाला प्राचीन काळापासून लागलेली कीड आहे.’ ते मनापासून लिहिलेलं असतं. व्याकरणाने शुद्धही असेल. पण त्याच्याशी कोण वाद घालणार? वाद होत नाही म्हणून पुढे सरकायलाही जागा उरत नाही. ‘केतकर दोन लक्षणं सांगतात, पण ती एकच आहेत’ हे वाक्य मात्र लगेच विचारतं : कशावरून? आणि तिथून लेखन सुरू होतं.

आंबेडकरांची आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा डी.एस्सी.चा प्रबंध त्यांनी १९२२ मध्ये सादर केला. तो पहिल्या फेरीत स्वीकारला गेला नाही. १९२३ मध्ये परीक्षकांनी तो पुन्हा लिहायला सांगितला. साम्राज्याच्या चलनधोरणावरची टीका झोंबली, असं चरित्रकार म्हणतात. पैसे संपत आले होते, ते मुंबईला परतले, आणि निष्कर्ष कायम ठेवून त्यांनी मांडणी बदलली. त्याच वर्षी प्रबंध मान्य झाला आणि डिसेंबरमध्ये पुस्तकरूपाने लंडनहून प्रसिद्धही झाला. त्याला त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांची प्रस्तावना आहे, आणि तिच्यात कॅनन आपले मतभेद मोकळेपणाने सांगतात. ज्याला आपलं सगळं पटत नाही असा माणूस आपलं सगळं वाचतो, हेच तर विद्यापीठात मिळायला हवं. आणि ‘पुन्हा लिहा’ हा शेरा म्हणजे लायकीचा निकाल नव्हे, हेही इथे दिसतं. तो आंबेडकरांनाही मिळाला होता.

आता हे सगळं एकत्र करून पाहू. भास्कर पांडुरंग, सभेतले तरुण, रानडे, भांडारकर, आनंदीबाई, आंबेडकर. परिस्थिती वेगळी, काळ वेगळा. पण प्रत्येकापाशी तीन गोष्टी होत्या. स्वतःला छळणारा एक प्रश्न. आक्षेप घेणारा खरा वाचक. आणि उत्तर देण्याची, पुन्हा लिहिण्याची संधी. परीक्षेने यातलं काहीच दिलं नाही. ते त्यांना परीक्षेबाहेर मिळवावं लागलं. व्याकरणाची गरज नव्हती असं आम्ही म्हणत नाही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांवर मराठी मुलांच्या कित्येक पिढ्या इंग्रजी वाक्यरचना शिकल्या, आणि तो पाया लागतोच. पण पायावर घर बांधायचं शिक्षण वेगळं असतं.

मग आज काय करता येईल? फार खर्चाचं काही नाही. विषय निवडताना विद्यार्थ्याला आधी त्याचा प्रश्न मराठीत, एका वाक्यात विचारू द्या. विचार मराठीत पक्का झाला की इंग्रजी वाक्याला धरायला काहीतरी सापडतं. १८४८ च्या सभेत दोन्ही भाषा शेजारीशेजारी नांदत होत्या, त्यात कमीपणा कोणाला वाटला नव्हता. दुसरं, महिन्यातून एकदा पाच-सहा जणांनी बसून एकमेकांची चार पानं वाचा. प्रत्येकाने फक्त एक आक्षेप सांगायचा, शुद्धलेखन नंतर. तिसरं, आधीच्या एका अभ्यासकाचं म्हणणं त्याला मान्य होईल अशा शब्दांत लिहा, आणि मग आपण कुठे वेगळे होतो ते सांगा. आणि शिक्षकांना विनंती एवढीच की दहा निबंध तपासून गठ्ठ्यात टाकण्यापेक्षा एकच निबंध तीनदा लिहून घ्या. पहिल्या खर्ड्यावर गुण देऊ नका, प्रश्न लिहा.

गाईडमधून उतरवलेलं किंवा यंत्राकडून घेतलेलं पान निर्दोष असू शकतं. त्याला ‘कशावरून?’ असं विचारलं की मात्र उत्तर द्यायला कोणी समोर येत नाही. अडखळत लिहिलेल्या पानामागे माणूस उभा असतो, आणि त्याला आपण उत्तर देण्याची दुसरी संधी देतो की नाही, एवढंच आपल्या हातात आहे. आपल्या विभागात येणाऱ्या प्रत्येक मुलामुलीचा पहिला खर्डा कोणीतरी वाचतं का, हा प्रश्न आपण इथून घेऊन जाऊ. आता तुमचे प्रश्न ऐकायला आवडतील, आक्षेप असतील तर आधी तेच.